कंसातली चार नावं

डायलिसिस विभागातल्या त्या वहीवर मी पहिल्या दिवसापासून खार खाऊन होते. लांबडी, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात असते तसली वही. कुठल्या पेशंटला कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या मशीनवर घ्यायचं ते तिथला तंत्रज्ञ तिच्यात लिहायचा. निळ्या पेननं नावं, लाल पेननं खाडाखोड, आणि मध्येच तीन-चार नावांना मिळून पेन्सिलीनं काढलेला एकेक मोठा कंस. कंसाच्या टोकाला बारीक अक्षरात आणखी एखादं नाव. मी एकदा विचारलं, "हे कंस कसले ओ?" तर तो मशीनची नळी तपासत म्हणाला, "ते आमचं आमचं असतंय ताई. तुमाला काय उपयोगाचं न्हाई."

मी म्हटलं, बरं. आणि पुढचं पान उलटलं.

माझा धंदा म्हणजे माणसं काम कसं करतात ते बघून त्या कामासाठी कॉम्प्युटरवर व्यवस्था बसवून देणं. पुण्यात एका कंपनीत वीस वर्षं हेच केलं. नव्या पोरांना शिकवायला उभी राहिले की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: साहेबाला विचारू नका, जो रोज बटण दाबणार आहे त्याच्या शेजारी जाऊन बसा. पोरं वहीत उतरून घ्यायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच काढली असणार.

आई आजारी पडली म्हणून मी नोकरी सोडून कोल्हापूरला परत आले आणि शिवाजी पेठेत दोन खोल्यांची जागा घेतली. आई वर्षभरात गेली. मी राहिले. लग्न केलेलं नव्हतं, मैत्रिणी सगळ्या पुण्यात. त्यांचे फोन आधी रोज यायचे, मग रविवारी, मग सणासुदीला. घरी बसून मिळतील ती कामं करायची. खाली गल्लीत दिवसभर आरडाओरडा, फुटबॉलची मॅच असली तर विचारूच नका, सगळी पेठ डोक्यावर. आणि वर मी एकटी. काही दिवस असेही गेले की संध्याकाळी फोन वाजला, उचलला, आणि घशातून आवाजच फुटेना, कारण सकाळपासून मी एक शब्द बोललेच नव्हते. पलीकडचा विचारायचा, सर्दी झाली का? मी म्हणायची, हो, झालीय जरा.

तर त्या ट्रस्टच्या दवाखान्याचं काम आलं तेव्हा मी हरखून गेले. डॉक्टरांनी आणि दोन विश्वस्तांनी मला वरच्या मजल्यावर एसीच्या खोलीत बसवलं आणि काय हवंय ते सांगितलं. मशीन रिकामं राहता कामा नये. वेटिंग लिस्ट लांब आहे. एक पेशंट दुसऱ्याच्या वेळेत घुसता कामा नये. चहा आला, बिस्किटं आली, मी बोलत होते आणि समोरची माणसं माना डोलावत होती. खरं सांगते, मला ते इतकं आवडलं की खाली विभागात बसण्याचं काम मी दोन दिवसांत उरकलं आणि बाकीच्या सगळ्या मीटिंगा त्या खोलीत केल्या. किती दिवसांनी कुणीतरी मला खुर्ची देऊन ऐकून घेत होतं.

मी जे बनवलं ते दिसायला झकास होतं. पेशंट, मशीन, वेळ. बहुतेकांना चार तास, काहींना साडेचार. पाळ्या कॉम्प्युटर लावणार, पेशंटच्या फोनवर मेसेज पाठवणार, लागोपाठ दोनदा जो येणार नाही त्याची जागा वेटिंगमधल्या पुढच्या माणसाला देणार. प्रत्येक पेशंटबरोबर येणाऱ्या नातेवाइकाचं नाव आणि नातं भरल्याशिवाय कॉम्प्युटरवर पुढचा पडदा उघडणार नाही, कारण काही झालं तर सही कुणाची घ्यायची? सुरू झालं त्या दिवशी डॉक्टरांनी पेढे वाटले. तंत्रज्ञानंही एक पेढा खाल्ला. वही मात्र त्यानं कपाटात टाकली नाही, खिडकीत ठेवली. मला ते दिसलं आणि टोचलंही.

दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी साडेआठला त्याचा फोन आला.

"ताई, तुमच्या कॉम्प्युटरनं कुरुंदवाडच्या अण्णांना काढून टाकलंय."

"काढून टाकलं म्हणजे?"

"लाल झालेत. दोनदा आलं न्हाईत. त्यांच्या जागेवर दुसरंच नाव आलंय."

"मग ते आले नाहीत त्याला कॉम्प्युटर काय करणार? मेसेज गेलाय की त्यांना."

"मेसेज गेला हाच तर घोळ झालाय न्हवं! वाइच हिकडं या. फोनवर न्हाई कळायचं तुमाला."

राग आला की माझं पुण्यातलं वीस वर्षांचं मराठी गळून पडतं आणि कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं पुरुषांगत आलो-गेलो सुरू होतं. "आलो, थांबा," म्हणून मी फोन आपटला. रस्ताभर उत्तरं जुळवत होते. आधी नीट शिकून घ्या, मग बोला. उगाच माझ्या नावानं खडे फोडू नका.

गेले तर त्यानं खिडकीतली वही उघडून माझ्यापुढं ठेवली. सोमवार-गुरुवार, सकाळी सात. चार नावं, एक कंस.

"हे चौघं कुरुंदवाड-शिरोळकडचं," तो म्हणाला. "चौघांत एक वडापची जीप ठरीवलीया. आन चौघांत मिळून सोबतीला माणूस एकच. ह्या खेपंला ह्याची बायको, म्होरल्या खेपंला त्याची सून, आसं पाळीनं. एकटीच सगळ्यांचा डबा आणती, एकटीच सगळ्यांच्या उलट्या बघती, जीपमधनं उतरताना चौघांना धरती. घरटी एक माणूस आठवड्यातनं दोनदा रोजगार बुडवून कसं यील ओ? म्हणून त्यांनी केलंय ते. ह्या कंसाच्या टोकाला बारीक नाव हाय न्हवं, ती त्या दिवसाची सोबत."

मी पानं उलटत गेले. पानोपानी कंस. उचगावचे दोघं एका रिक्षातून येणारे. तिघं दुधाच्या गाडीतून परत जाणारे. मोकळी नावं फार थोडी होती.

"अण्णांना साडेचार तास लागत्यात," तो पुढं म्हणाला. "त्यांच्या मागनं येणाऱ्याला मी म्हणायचो, जावा, चा पिऊन या. अर्ध्या तासानं काय हुतंय, चालतंय की! तुमच्या कॉम्प्युटरला ते चालंना. त्यानं अण्णांना उचलून चारच्या पाळीत टाकलं, मागं कोण न्हाई म्हणून. बाकीचं तिघं सकाळी सातलाच."

"मग हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी हितं कुठं बसलासा? तुमी वर बसलासा."

रस्त्यात जुळवलेली सगळी उत्तरं जागच्या जागी मेली.

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. अण्णांचं शेवटचं डायलिसिस गेल्या आठवड्यातल्या सोमवारी झालं होतं, आज आठवा दिवस. फोन उचलत नव्हते. शेजाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तोंड सुजलंय, आडवं झालं की दम लागतो, रात्रभर खुर्चीत बसून असतात. पोरगा बेंगळुरूला, बायको गुडघ्यांनी जायबंदी. त्याच्याच फोनवर अण्णांना ॲम्ब्युलन्स पाठवतो म्हटलं तर म्हणाले, पाठवलीस तर दाराला आतून कडी घालीन.

"रुसलेत," तंत्रज्ञ म्हणाला. "कशावर ते सांगत न्हाईत. आज दुपारपर्यंत मशीनवर आलं न्हाईत तर अवघड हाय ताई. तुमी केलंय, तुमीच सांगून आणा. बाराचं एक मशीन मी धरून ठेवतो."

"नाही ठेवता येणार. रिकामं दिसलं की वेटिंगवाल्याला मेसेज जातो."

"ठावं हाय मला. म्हणून पेशंट म्हणून माझंच नाव घातलंय त्यात."

"आणि नातेवाईक?"

"बायको," तो म्हणाला, आणि हसलासुद्धा नाही.

आईची जुनी गाडी काढून मी निघाले. हातकणंगल्यापुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ओलांडायची सोय नाही. मी हॉर्नवर हात ठेवून शिव्या देत होते, पण खरं म्हणजे भ्यायले होते. आजवर माझ्या चुका पडद्यावर दिसायच्या, कुणीतरी ईमेल पाठवायचं, मी दुरुस्त करायची. माझ्या चुकीनं कुणाच्या छातीत पाणी साठलंय, असं कधी झालं नव्हतं. आणि तो माणूस दिसायला कसा आहे हेही मला माहीत नव्हतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. शेती करून गुळाचा व्यापार केलेलं जैन घर, दारातली फरशी लख्ख. अण्णा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. डोळे सुजून बारीक झालेले, पावलं चपलेत मावत नव्हती, एका वाक्याला दोनदा दम घ्यावा लागत होता. आत कॉटवर पाय लांब करून त्यांची बायको बसलेली.

"दवाखान्यातनं आलोय," मी म्हणाले. "तुम्हाला न्यायला."

"मी येणार न्हाई. मला काढलंय त्यांनी. कळलं मला."

"कुणी काढलंय?"

"तिघांनी." दम घेऊन त्यांनी सांगितलं. शेवटच्या खेपेला परत येताना जीपमध्ये त्यांना उलटी झाली होती, सोबत आलेल्या बाईंच्या साडीवर. कुणी काही बोललं नाही. आणि दोन दिवसांत मेसेज आला, तुमची वेळ आता संध्याकाळी चार. "तोंडावर बोलायचं न्हाई, आन दवाखान्याला सांगून मला बाजूला काढायचं. तीन वर्षं एका डब्यातलं खाल्लं आमी. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मी म्हणतोय, फोन करून इचारा की त्यांस्नी," आतून बायको ओरडली. "ऐकतील तर शपथ!"

आणि तिकडं काय चाललं होतं ते तंत्रज्ञानं मला निघताना सांगितलं होतं. त्या तिघांची समजूत अशी की अण्णांनीच वेगळी वेळ मागून घेतली. मोठी माणसं, पोरगा बेंगळुरूला, स्वतःची गाडी घेतली असेल, आता जीपमध्ये आपल्या मांडीला मांडी लावून कशाला बसतील? म्हणून त्यांनीही फोन केला नव्हता. इकडं रुसवा, तिकडं फुगवा, आणि मध्ये मी पाठवलेली एक ओळ.

"अण्णा, त्यांनी नाही काढलं तुम्हाला," मी म्हणाले. "मी काढलं."

"तुमी कोण?"

"त्या वेळा कॉम्प्युटर लावतो. तो तसा मी बनवलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मला वळखतासा?"

"नाही."

"मग मी तुमचं काय वाकडं केलतं?"

"काही नाही. तुम्हाला साडेचार तास लागतात, बाकीच्यांना चार. म्हणून."

"अर्ध्या तासासाठी?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. मग ते हळूहळू म्हणाले, "चारला लावलं तर सुटायला साडेआठ. दिवस मावळल्यावर आमी खात न्हाई. दिवसभर पथ्य, आन रातचं उपाशी निजायचं. हे तरी कुणाला इचारायचं हुतं, बाई."

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी जास्तच तडकते. "चुकलं माझं! सपशेल चुकलं. काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण गाडीत बसून द्या. बाराच्या आत पोचायचंय. तिकडं तो बाबा स्वतःच्या नावावर मशीन अडवून बसलाय."

"जावा की आता!" बायको आतून म्हणाली. "बाई एवढ्या लांबनं शिव्या खायाला आलीया."

ते उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला तेव्हा त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. सुजलेलं, जड शरीर. आईनंतर मी कुणालाच असं धरलं नव्हतं.

गाडीत ते झोपू नयेत म्हणून मी बोलत सुटले. बोलायची सवय गेलेली, काही सुचेना. मग आईचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं, संध्याकाळी आवाज फुटत नाही तेही सांगून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, "रस्त्याकडं बघा."

बारा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. तंत्रज्ञ चाकाची खुर्ची घेऊन दारातच उभा होता. आत नेलं, स्वतःचं नाव खोडून अण्णांचं घातलं, आणि पडदा अडला. सोबतचं नाव. माझं सांगितलं. नातं. तिथं यादी होती: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, भाऊ. परक्या माणसासाठी मी जागाच ठेवली नव्हती. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी यादीकडं.

"लेक घाल की," अण्णा खुर्चीतून धापा टाकत म्हणाले. "कशाला खोळंबा!"

त्यानं लेक घातलं आणि मशीन सुरू झालं.

साडेचार तास मी त्यांच्या उशाशी बसले. उलटीचं भांडं धरलं, पोटरीत गोळे आले तेव्हा पाय दाबले. मध्येच तंत्रज्ञानं कुणाचा तरी फोन त्यांच्या कानाला लावला. साडीवाल्या बाई होत्या. त्यांचा आवाज मला फोनबाहेर ऐकू येत होता. "आवो, साडीचं काय घेऊन बसलासा, धुतली की! आमी म्हणतोय अण्णांनी मोटार घेतली आन आमाला इसरलं!" अण्णा नुसतं हं हं करत होते आणि त्यांच्या कानात पाणी उतरत होतं, कारण निजून रडलं की ते कानातच जातं. सुटले तेव्हा बाहेर अजून चांगलं ऊन होतं. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली आणि मग मी त्यांना घरी सोडलं.

पुढचे तीन आठवडे मी त्या विभागात एका स्टुलावर काढले. वर एकदाही गेले नाही. सगळं मोडून पुन्हा बांधलं. आधी कंस, मग वेळ. कंसातला एक हलला तर सगळे हलणार, नाहीतर कुणीच नाही. सोबतीची पाळी. चहाचा अर्धा तास. आणि कुणाची जागा दुसऱ्याला द्यायच्या आधी तंत्रज्ञानं स्वतः फोन करून विचारायचं, त्याशिवाय पुढं सरकायचं नाही. तो शेजारी उभा राहून चुका काढायचा, मी चिडायची, तो म्हणायचा, "चिडू नका, बदला." सकाळी चहा यायचा त्यात माझा कप असायचा. दुपारी कुणीतरी विचारायचं, ताई, जेवलासा काय? एक दिवस त्यानं न सांगता वही कपाटात टाकली. त्या दिवशी मला पेढ्यांच्या दिवसापेक्षा जास्त आनंद झाला.

मग काम संपलं. महिनाभर तिथून एकही फोन आला नाही. फोन येत नाही म्हणजे व्यवस्था नीट बसली, हे मी वीस वर्षं पोरांना शिकवत आलेय. तरी मी फोन घेऊन फिरायची, या खोलीतून त्या खोलीत. काहीतरी बिघडावं, असंही एकदा मनात आलं. लाज वाटली, पण आलं.

शेवटी एका सोमवारी, कुणी बोलावलं नसताना, मी तिथं गेले. तंत्रज्ञ कामात होता. "काय अडचण न्हाई ताई, एकदम झ्याक चाललंय," तो म्हणाला. "तुमी कशाला तरास घेतलासा?" मी म्हटलं, सहज आलो, बघायला. काचेपलीकडं चौघं ओळीनं पडले होते. अण्णांच्या तोंडावरची सूज उतरली होती, बरे दिसत होते. त्यांनी मला बघितलं आणि शेजारच्याला काहीतरी सांगितलं. बहुतेक, ही ती अर्ध्या तासाची बाई. चौघंही हसले. मीही हात केला. मग ते पुन्हा आपसात बोलायला लागले, आणि तिथं माझं काही काम नव्हतं.

बाहेरच्या बाकावर त्या दिवसाची सोबत बसली होती. कुणाची तरी सून, मी तिला कधी बघितलं नव्हतं. मांडीवर चार टॉवेल, पायाशी मोठा डबा. मी घुटमळतेय हे बघून ती बाजूला सरकली आणि दवाखान्यात सगळे विचारतात तसं तिनं विचारलं.

"तुमचं कोण हाय आत?"

मी काचेकडं बघितलं.

"कुणी न्हाई," मी म्हणाले.

"मग बसा की हितं," ती म्हणाली. "एकटीला चार तास जाता जात न्हाईत."

मी बसले.